सायलेन्सर बदलल्यावर वॉरंटीचे नेमके काय होते?

प्रश्न इंदूरच्याच एका तरुणाचा आहे. सात महिन्यांपूर्वी त्याने 350 सीसीची नवी गाडी घेतली आणि आता मूळ सायलेन्सर काढून बाजारातला स्लिप-ऑन, म्हणजे पुढचा पाइप तसाच ठेवून मागे लावायचा नवा डबा, बसवण्याचा त्याचा विचार आहे. शोरूममधला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर त्याला म्हणाला, ‘सायलेन्सर बदलला की सगळी वॉरंटी संपली.’ सायलेन्सर विकणारा दुकानदार म्हणाला, ‘स्लिप-ऑनने काही होत नाही, सर्व्हिसला जाताना जुना लावून जा.’ यांपैकी कोणाचे खरे मानायचे, आणि पुढे एखादा दावा नाकारला गेलाच तर काय करायचे, असे त्याने विचारले आहे.

दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. मी बरीच वर्षे एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीचे दावे तपासत होतो आणि आता स्वतःचे वर्कशॉप चालवतो, त्यामुळे दावा नाकारणारा कसा विचार करतो हे मला ठाऊक आहे आणि नाकारलेला दावा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या गाड्याही मी नेहमी पाहतो. वॉरंटीचा दावा पूर्ण गाडीचा कधीच नसतो. तो एखाद्या भागाचा असतो. त्या भागाच्या बिघाडाशी बदललेल्या सायलेन्सरचा संबंध जोडता येतो की नाही, यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. म्हणून ‘वॉरंटी जाते का?’ असे न विचारता ‘कोणत्या भागाची जाते, आणि ते कोण सिद्ध करणार?’ असे विचारावे.

त्याआधी एक गोष्ट करा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील वॉरंटीचा मजकूर स्वतः वाचा. वॉरंटी हा कंपनीने तुमच्याशी केलेला लेखी करार आहे आणि त्यातले अपवाद दोन प्रकारे लिहिलेले आढळतात. काही ठिकाणी ‘बाहेरचे सुटे भाग लावल्यामुळे किंवा फेरफार केल्यामुळे झालेला बिघाड’ वॉरंटीतून वगळलेला असतो. काही ठिकाणी मात्र ‘ज्या गाडीत फेरफार केला आहे, त्या गाडीला’ वॉरंटी लागू नाही असे सरसकट म्हटलेले असते. पहिल्या मजकुरात बिघाड आणि फेरफार यांचा संबंध दाखवण्याची जबाबदारी स्वाभाविकपणे नाकारणाऱ्यावर येते. दुसऱ्यात तुम्हाला बरेच भांडावे लागते. अनेक पुस्तिकांमध्ये उत्सर्जनाची वॉरंटी वेगळी छापलेली असते. तिच्यात धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांसारखे भाग येतात, आणि मूळ सायलेन्सर काढला की सर्वांत आधी तीच धोक्यात येते.

इंटरनेटवर वाचून अनेक तरुण सांगतात की बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी वॉरंटी रद्द करूच शकत नाही. ते वाचतात तो अमेरिकेचा 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा. कंपनीच्याच नावाचा भाग वापरला तरच वॉरंटी राहील, अशी अट घालण्यास तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. तो कायदा इथे लागू नाही. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट 2014 चा आदेश. त्यात आयोगाने 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला, आणि ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे सांगितले. तो आदेश चारचाकींच्या दुरुस्तीविषयी होता, त्यावर पुढे अपिले झाली, आणि मालकाने हौसेने केलेल्या फेरफाराला तो सरळ लागू पडत नाही. तरीही ‘नुकसानापुरतीच वॉरंटी नाकारावी’ हे त्यातले तत्त्व युक्तिवादासाठी उपयोगी आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे.

आता गाडीकडे वळू. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि त्यानंतर सायलेन्सर हा केवळ आवाज दाबणारा डबा राहिला नाही. इंजिनच्या हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे हे तो साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टच्या संकेतातून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवत राहतो, आणि हवा व पेट्रोल यांचे वजनाचे प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास राहील अशा बेताने ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. हे प्रमाण सांभाळणे ज्याच्यासाठी आवश्यक असते, ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा थर दिलेली ती जाळी असते. ती काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये असते, काहींत सायलेन्सरच्या पोटात, तर काहींत दोन्हीकडे. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, यावर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अवलंबून आहे.

ती बेंड पाइपमध्ये असेल आणि तुम्ही फक्त मागचा डबा बदलला, तर सेन्सर व जाळी दोन्ही जागेवर राहतात. अशा साध्या स्लिप-ऑनमुळे इंजिन खराब झाले असे प्रामाणिकपणे म्हणता येण्याजोगी प्रकरणे मी फार थोडी पाहिली आहेत. जाळी सायलेन्सरमध्येच असेल, तर डबा काढताच तीही गेली, आणि मग तो ‘फक्त स्लिप-ऑन’ राहत नाही. फुल सिस्टिम म्हणजे बेंडसकट सगळे बदलणे. त्यात सेन्सरची जागा सरकते, आणि काही स्वस्त बेंडांना सेन्सरसाठी जागाच ठेवलेली नसते. मग मेकॅनिक सेन्सर काढून त्याच्या वायरला खोटा संकेत देणारा तुकडा जोडतो. त्या क्षणापासून ईसीयू आंधळेपणाने पेट्रोल देऊ लागतो. असे केल्यावर इंजिन, ईसीयू किंवा इंधनप्रणाली यांतल्या कशाचाही दावा मंजूर होईल अशी अपेक्षा धरू नका. मी त्या खुर्चीत असतो तर मीही नाकारला असता.

साध्या स्लिप-ऑनमध्येही जे बिघडते ते बहुधा डब्यामुळे नव्हे, तर तो बसवण्याच्या पद्धतीमुळे बिघडते, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. नवा डबा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला नीट जुळत नाही, म्हणून मेकॅनिक हेडजवळचे बेंड पाइपचे नट सैल करतो, पाइप थोडा वळवतो आणि पुन्हा आवळतो. जोड हवाबंद ठेवणारे आतले गॅस्केट एकदा दाबले गेलेले असते; ते बदलायला हवे, पण बदलत नाहीत. महिन्याभरात हेड आणि बेंड यांच्या जोडावर बोटभर लांबीची काजळीची रेघ उमटते. सिंगल सिलिंडर इंजिनमध्ये दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या फटीच्या पुढे असतो. त्याला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, पेट्रोल कमी पडते आहे असे तो ईसीयूला कळवतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. अ‍ॅव्हरेज पडते, प्लग काळा होतो, न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन जळते आणि जाळी तापून वितळू लागते. गाडीचा मालक म्हणतो कन्व्हर्टर सदोष निघाला. तपासणारा ती काजळीची रेघ पाहतो आणि पुढचे काही पाहतच नाही. थंड गाडी सुरू करून सायलेन्सरचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा. जोड फुटका असेल तर हेडजवळून फुसफुस ऐकू येते. नवे गॅस्केट फारच किरकोळ किमतीला मिळते. त्याच जोडाचे स्टड गंजलेले असतात आणि जोर लावून फिरवले तर हेडमध्येच तुटतात. तुटलेला स्टड काढण्याचा आणि अ‍ॅल्युमिनिअमचे आटे नव्याने करण्याचा खर्च कोणतीही कंपनी वॉरंटीत देत नाही.

फुल थ्रॉटलचा मुद्दाही समजून घ्या. सावकाश, एकसारख्या वेगात चालवताना ईसीयू सेन्सरचे ऐकतो आणि छोटा फरक सांभाळून घेतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की तो सेन्सर बाजूला ठेवून आपल्या ठरलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल देतो, आणि तो तक्ता मूळ सायलेन्सर धरून बनवलेला असतो. बाहेर जाणारा मार्ग मोकळा झाला, त्यात एअर फिल्टरही मोकळा लावला, तर हवा वाढते आणि पेट्रोल तेवढेच राहते. मिश्रण पातळ होऊन तापमान वाढते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व पिस्टनचा माथा यांवर त्याचा परिणाम होतो. मानपूरचा घाट मागे माणूस बसवून उन्हाळ्यात चढताना हा फरक कागदावर राहत नाही. यावर उपाय म्हणून ईसीयूचे रिमॅपिंग करतात, म्हणजे तो तक्ताच बदलतात. ते चांगल्या माणसाने केले तर इंजिनसाठी हितकारकच असते. पण वॉरंटीच्या दृष्टीने तो सायलेन्सरपेक्षा मोठा फेरफार आहे, आणि अनेक ईसीयूंमध्ये मूळ प्रोग्रॅम बदलल्याची खूण डायग्नॉस्टिक टूलला दिसते.

दुकानदाराच्या ‘जुना लावून जा’ या सल्ल्याविषयी इथेच सांगतो. तो व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. मूळ सायलेन्सर पुन्हा बसवला तरी क्लॅम्पच्या जागी नव्या आवळण्याच्या खुणा राहतात, बेंडचा रंग उष्णतेने जांभळट झालेला असतो आणि डबा मात्र कोरा दिसतो, बोल्टच्या कडांवर पान्याचे घाव दिसतात. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे ईसीयूमध्ये साठलेले जुने फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडांच्या नोंदी. एप्रिल 2023 पासून दुचाकींमध्ये ओबीडी-2 चा, म्हणजे बिघाड स्वतः ओळखणाऱ्या प्रणालीचा, पहिला टप्पा आला आणि एप्रिल 2025 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कन्व्हर्टरची कार्यक्षमता, ऑक्सिजन सेन्सरची झीज, मिसफायर यांवरही गाडी स्वतः लक्ष ठेवते. मीटरवरचा बिघाडाचा दिवा विझला तरी नोंद राहू शकते. लपवलेला फेरफार उघड झाला, की ज्या दाव्याचा सायलेन्सरशी काही संबंध नव्हता त्यातही तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही. उघडपणे सांगितलेल्या फेरफाराबद्दल वाद घालता येतो. लपवलेल्याबद्दल घालता येत नाही.

आता कायद्याचा भाग. वॉरंटीपेक्षा तो अधिक गंभीर असूनही लोक तो शेवटी विचारतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात ही भूमिका ठामपणे मांडली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ च्या पोटकलम 4 मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषण यांच्या मानकांचे उल्लंघन कलम 190 च्या पोटकलम 2 खाली येते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यास अपात्र, अशी शिक्षा आहे. त्याच कलम 182-अ च्या पहिल्या पोटकलमात नियमांविरुद्ध गाडीत फेरफार करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. शोरूममधला एखादा माणूस तोंडी ‘आम्हीच लावून देतो’ म्हणतो आणि बिलावर मात्र त्याची नोंद करत नाही, त्याचे कारण यातच आहे. बिलावर नसलेल्या कामाचा वॉरंटीत काडीचाही उपयोग नसतो.

आवाजाची मर्यादा गाडी उभी असताना कानाने ठरत नाही. 2005 पासून लागू झालेल्या मर्यादा 80 ते 175 सीसीपर्यंत 77 डेसिबल आणि 175 सीसीच्या वर 80 डेसिबल अशा आहेत, आणि त्या गाडी वेग घेत मायक्रोफोनपासून साडेसात मीटरवरून जात असताना मोजतात. आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात बाहेरचा आवाज मोजण्यासाठी वेगळा ट्रॅकच बांधलेला आहे. डेसिबलचे माप सरळ वाढत नाही. 90 डेसिबल म्हणजे 80 च्या दहापट ध्वनिऊर्जा. ‘पीयूसी पास झाले म्हणजे सायलेन्सर चालतो’ हा समजही चुकीचा आहे, कारण त्या चाचणीत पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, आवाज तपासतच नाहीत. आयात केलेल्या सायलेन्सरवर गोलात कोरलेले ‘ई’ हे अक्षर युरोपातल्या मंजुरीचे असते, तेही ठरावीक मॉडेलसाठी. त्याने आपल्या आरसीत किंवा वॉरंटीत काही बदलत नाही. ज्याच्यावर ‘फक्त रेसिंगसाठी’ असे छापलेले असते, त्याच्या विक्रेत्याने तर जबाबदारी आधीच झटकलेली असते.

आपल्या शहराचे नाव लावून ‘इंदोरी’ या नावाने बुलेटचा सायलेन्सर दूरदूरच्या बाजारांत विकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. आतली जाळी आणि नळ्या काढलेला तो पोकळ डबा इंजिनला काही देत नाही. लोकांना वाटणारी ताकद ही बहुतांशी आवाजाची असते. मधल्या वेगातला पिकअप उलट कमीच झालेला असतो. सुपर कॉरिडॉरवर रात्री फटाके फोडत जाणाऱ्या गाड्यांमुळे ज्याने साधा, मूळ आवाजाच्या जवळचा डबा लावला आहे त्यालाही नाक्यावर थांबावे लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की वॉरंटी शिल्लक असेपर्यंत मूळ सायलेन्सरला हात लावू नये. अगदीच बदलायचा असेल तर कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅक्सेसरीच्या यादीत तुमच्या मॉडेलसाठी काही आहे का ते पाहावे, तो शोरूममध्येच बसवून घ्यावा, आणि बिलावर त्याचा पार्ट नंबर व जॉब कार्डवर बसवल्याची नोंद घ्यावी. मूळ डबा कापू नका, त्यातली जाळी भंगारात विकू नका. तो फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

दावा नाकारला गेला तर काय करायचे, हे एका प्रकरणावरून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या गाडीच्या पुढच्या फोर्कचे ऑइल सील वॉरंटीच्या काळात गळू लागले. गाडीला स्लिप-ऑन होता, आणि तेवढे पाहून सेंटरने तोंडी ‘वॉरंटी नाही’ असे सांगितले. पुढचे सील आणि मागचा सायलेन्सर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मी त्याला भांडायला न सांगता एक छोटे पत्र लिहायला सांगितले: गाडीचा चॅसिस नंबर, किलोमीटर, दोष, आणि ‘सदर सायलेन्सरमुळे हा दोष कसा निर्माण झाला आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली दावा नाकारला जात आहे, हे कृपया लेखी कळवावे’. पत्र सर्व्हिस मॅनेजरकडे दिले, ईमेलने कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवले, आणि पोच घेतली. काही दिवसांत सील बदलून मिळाले. तोंडी नकार देणे सोपे असते. त्याच नकाराचे कारण सही करून लिहिताना माणूस पुस्तिका उघडतो.

तेवढ्याने भागले नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही; म्हणजे बहुतेक मोटारसायकली त्यात बसतात. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणूनच काढलेला भाग सेंटरकडे सोडून येऊ नका. तो सीलबंद करून, फोटो काढून, आपल्याकडे ठेवण्याची लेखी मागणी करा, कारण वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे जातात आणि नाकारलेले भाग अनेकदा कोपऱ्यात पडून हरवतात. मात्र फेरफार खरोखरच त्या बिघाडाला कारणीभूत असेल, तर आयोगही तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि ज्या फेरफारालाच कायद्याची मान्यता नाही त्याच्या आधारे दाद मागताना तुमची बाजू आधीच दुबळी असते.

विमा हा वेगळा करार आहे, पण त्याचाही उल्लेख करायला हवा. गाडीतला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईत अडचण येऊ शकते, विशेषतः आग लागलेल्या प्रकरणात, कारण तिथे सर्व्हेअर सर्वांत आधी एक्झॉस्ट आणि वायरिंग पाहतो.

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला त्याच्या गाडीपुरते सांगायचे तर असे: आधी शोरूमकडून तुझ्या मॉडेलमध्ये कन्व्हर्टर कुठे आहे ते विचारून घे. तो डब्यात असेल तर विषय तिथेच संपतो, बदलू नकोस. तो बेंडमध्ये असेल आणि तरीही बदलायचे तू ठरवलेच असशील, तर वाढीव वॉरंटीचे पैसे भरण्याआधी तिचा मजकूर वेगळा वाच. तिच्या अटी अनेकदा मूळ वॉरंटीपेक्षा कडक असतात, आणि फेरफार केलेल्या गाडीसाठी घेतलेली वाढीव वॉरंटी ऐन वेळी उपयोगी पडेल की नाही, हे पैसे देण्याआधी कंपनीकडून ईमेलवर विचारून घे.